अजाणतेपणाची मर्यादा

महाभारताच्या आदिपर्वांत मांडव्य ऋषींची कथा आहे. मौनव्रत धरून बसलेल्या या ऋषींच्या आश्रमांत चोरांनीं चोरीचा माल लपविला. राजाच्या शिपायांनीं ऋषींनाच चोरांचे साथीदार ठरविलें. आणि राजाज्ञेनें त्यांना सुळावर चढविण्यांत आलें. तपोबलानें ते जिवंत राहिले, पण सुळाचें टोंक अंगांत राहिलें तें राहिलेंच. पुढें त्यांनीं धर्माची गांठ घेतली आणि हें कोणत्या कर्माचें फळ, असें त्याला विचारलें. लहानपणीं तुम्हीं किड्यांच्या शेपटींत गवताची काडी खुपसली होती, त्याचें हें फळ, असें धर्मानें सांगितलें. ऋषि संतापले. जाणतेपण येण्यापूर्वीं घडलेल्या एवढ्याशा कृत्याला एवढी शिक्षा! त्यांनीं धर्मालाच शाप दिला, आणि त्याबरोबर एक मर्यादाहि घालून दिली. चौदाव्या वर्षापर्यंत मनुष्याकडून जें घडेल तें पाप म्हणून मोजलें जाणार नाहीं. त्या शापामुळें धर्माला विदुर होऊन जन्मास यावें लागलें.

ही कथा वाचतांना आपलें सारें लक्ष ऋषींकडे आणि धर्माकडे असतें. शिक्षा न्याय्य कीं अन्याय्य, शाप योग्य कीं अयोग्य, याचाच आपण विचार करतों. त्या किड्याकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं. मुलगा अजाण होता म्हणून त्याला दोष लागला नाहीं, हें मान्य करूं. पण तो अजाण होता म्हणून किड्याला काडी कांहीं कमी बोंचली काय? दोष आणि दुःख या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकीच्या अभावानें दुसरीचा अभाव सिद्ध होत नाहीं. शिवाय मांडव्यांनीं घातलेली मर्यादा जितकी क्षमेची तितकीच जबाबदारीचीहि आहे. चौदा वर्षांपर्यंत माफी, याचाच दुसरा अर्थ असा कीं, पंधराव्या वर्षापासून माफी नाहीं.

हा जुना प्रश्न पुन्हां मनांत येण्याचें कारण कोणालाहि क्षुल्लक वाटेल. पावसाळ्याच्या तोंडीं आपल्या किनाऱ्यावरील एखाद्या कोळीवाड्यांत गेलें म्हणजे होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या दिसतात, आणि माणसें त्यांच्या बुडाला बसलेलें कवचांचें खरबरीत पुट खरवडून काढीत असतात. तीं कवचें म्हणजे बार्नेकल नांवाच्या प्राण्याचीं घरें. दिसण्यांत शिंपल्यासारखा असला तरी नात्यानें हा प्राणी खेकडा, कोळंबी आणि आपला जवळा यांचा भाऊबंद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत शास्त्रज्ञहि त्याला शिंपल्यांच्या कुळांतला समजत. सन १८३० मध्यें जॉन व्हॉन थॉम्पसन यानें त्याच्या पोहणाऱ्या पिलांवरून त्याचें खरें कूळ दाखवून दिलें. पुढें डार्विननें आपल्या आयुष्यांतील आठ वर्षें याच प्राण्यांच्या अभ्यासांत घालविलीं. बाल्यांत हा जीव प्रवाहाबरोबर वाहत असतो. मग एखादी टणक जागा पाहून तेथें डोक्याकडून कायमचा चिकटतो, भोंवतीं चुन्याचें कवच उभारतो, आणि उरलेलें सारें आयुष्य पायांनीं पाणी ढवळून अन्न ओढण्यांत काढतो. एकदां बसला कीं जागा सोडणें नाहीं. खडक आणि जहाजाचें बूड यांतला भेद त्याला कळत नाहीं, आणि कळण्याचें कारणहि नाहीं. खडक जागच्या जागीं राहतो. जहाज अर्धी पृथ्वी ओलांडून जातें. भेद आहे तो एवढाच, पण सारा प्रश्न त्यांतूनच निर्माण झाला आहे.

डार्विननें सन १८५४ मध्यें ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या किनाऱ्यांवरील एका लहानशा बार्नेकलाचें वर्णन केलें आणि त्याला ‘मॉडेस्टस’, म्हणजे विनम्र, असें नांव दिलें. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, सन १९४५ मध्यें, हा विनम्र प्राणी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चिचेस्टरच्या खाडींत आढळला. युद्धकाळांत दक्षिण गोलार्धांतून आलेल्या जहाजांच्या बुडाला चिकटून तो तेथें पोंचला, असाच तर्क अभ्यासकांनीं केला. पुढल्याच वर्षीं तो हॉलंडच्या किनाऱ्यावर दिसला, आणि आज पश्चिम युरोपच्या किनाऱ्यावर दूरवर त्याची वस्ती आहे. ज्या खाड्यांत कालवांची शेती चालते तेथें कालवांच्या पिलांनीं बसावयाच्या जागा तो आधींच अडवून बसतो.

ज्या जहाजाबरोबर तो आला त्याच्या कप्तानाला दोषी कोण म्हणेल? शत्रूच्या पाणबुड्यांच्या भीतीनें रात्ररात्र डोळा लागत नसे, आणि जहाजांतल्या धान्यावर एका राष्ट्राचें पोट अवलंबून होतें, असे ते दिवस. त्या दिवसांत बुडाला चिकटलेल्या चण्याएवढ्या जिवाचा विचार करावयास त्याला कोणी सांगितलें असतें तर तो हंसला असता, आणि त्याचें हंसणें वावगें ठरलें नसतें. येथें मांडव्यांची मर्यादा नि:संशय लागू पडते. या एका बाबतींत मनुष्यजात अजून चौदा वर्षांची झालेली नव्हती.

पण गोष्ट तेथें संपली नाहीं. जपानच्या समुद्रांत कॅप्रेला म्युटिका नांवाचा कोळंबीच्या दूरच्या नात्यांतला एक जीव आहे. काडीसारखें बारीक अंग. मागल्या पायांनीं शेवाळाला किंवा दोराला घट्ट धरून तो उभा राहतो, आणि पाण्यांतून जें हाताला लागेल तें खातो. सन १९३५ मध्यें त्याचें पहिलें वर्णन झालें. याच्या पिलांना मोकळें पोहण्याची अवस्थाच नसते. आई त्यांना अंगावरच्या पिशवींत वाढविते आणि तीं बाहेर येतात तीं आईच्याच रूपाचीं, तिच्याच जागीं राहणारीं. महासागर ओलांडण्याचें सामर्थ्य अशा प्राण्याच्या अंगीं नाहीं. तरीसुद्धां तो सन १९७० नंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सांपडला, सन १९९५ मध्यें हॉलंडांत त्याची नोंद झाली, आणि पुढें स्कॉटलंड व नॉर्वे येथल्या मत्स्यशेतींच्या दोरांवर व जाळ्यांवर त्याचीं दाट रानें माजलीं. मौज अशी कीं, हॉलंडांत तो प्रथम सांपडला तेव्हां शास्त्रज्ञांना तो अगदीं नवा प्राणी वाटला, आणि त्यांनीं त्याचें नव्यानें बारसें केलें. पाहुणा इतका गुपचुप आला कीं, घरच्यांनीं त्याला आपल्याच घरीं जन्मलेलें मूल समजून नांव ठेवलें!

हे जीव येतात कसे? एक मार्ग बुडाचा, तो वर सांगितला. दुसरा मार्ग कालवांचा. एका देशांतून दुसऱ्या देशांत लागवडीसाठीं कालवें नेलीं म्हणजे त्यांच्या कवचांच्या फटींतून त्यांचे शेजारीहि जातात. तिसरा मार्ग जहाजाच्या पोटांतला. रिकामें जहाज वाऱ्यालाटांत कलंडूं नये म्हणून त्याच्या तळाशीं कांहीं भार घालावा लागतो. आपले खलाशी त्याला नीरम म्हणत. पूर्वीं हा भार दगडांचा व वाळूचा असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लोखंडी आगबोटींत त्याऐवजीं समुद्राचें पाणीच टांक्यांत भरूं लागले. माल उतरवितांना पाणी भरावयाचें आणि माल भरतांना तें सोडून द्यावयाचें. सोय उत्तम, खर्च थोडा. परंतु समुद्राचें पाणी म्हणजे नुसतें पाणी नव्हे. जेम्स कार्ल्टन व जोनाथन गेलर यांनीं अमेरिकेंतील ऑरेगन राज्याच्या कूस बे बंदरांत जपानहून आलेल्या १५९ जहाजांच्या टांक्यांतलें पाणी तपासलें आणि सन १९९३ मध्यें आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या पाण्यांत त्यांना ३६७ प्रकारचे जीव आढळले, आणि त्यांत जवळ्याहूनहि बारीक अशा कवचधारी प्राण्यांची मोठी गर्दी होती. जगांतील जहाजें मिळून दरसाल तीनशें ते पांचशें कोटी टन पाणी असें एका देशांतून दुसऱ्या देशांत नेत असतात, असा अंदाज केला गेला आहे.

या व्यवहारांत एक चमत्कारिक हिशेब आहे. जो देश आपला माल भरभरून बाहेर धाडतो, त्याच्या बंदरांत जहाजें रिकामीं, म्हणजे पाण्यानें भरून, येतात. गोव्याच्या मुरगांव बंदरांतून वर्षानुवर्षें लोहखनिज परदेशीं गेलें. तें न्यावयास आलेलें प्रत्येक रिकामें जहाज कोठल्या तरी समुद्राचें पाणी पोटांत घेऊन आलेलें होतें. व्यापाऱ्याच्या वहींत निर्यातीचा आंकडा चोख मांडलेला असतो. या आयातीचें पान मात्र तेथें नसतें.

कोणी विचारील, या एवढ्याशा जिवांनीं बिघडतें काय? पुष्कळदां कांहींच बिघडत नाहीं. आलेल्यांपैकीं बहुतेक मरून जातात, आणि जगले तर मुकाट्यानें कोपऱ्यांत राहतात. पण एखाद्या वेळीं काय होतें तें पाहा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील खाड्यांच्या चिखलांत उपोगेबिया नांवाची एक कोळंबीसारखी जात बिळें करून राहते. बिळांतून पाणी खेळवून ती आपलें अन्न गाळून घेते, आणि त्यायोगें साऱ्या खाडीचें पाणी व चिखल हालता राहतो. सन १९८० नंतरच्या दशकांत आशियाच्या किनाऱ्यावरचा ऑर्थिओन नांवाचा एक परोपजीवी कवचधारी तेथें आला. जहाजाच्या पाण्यांतूनच तो आला असावा. तो उपोगेबियाच्या कल्ल्यांपाशीं ठाण मांडतो आणि तिचें रक्त शोषितो. ती लगेच मरत नाहीं. परंतु मादीच्या अंगांत अंडीं घालण्याइतकें बळ उरत नाहीं. बिळें दिसतात, घरांत माणसें दिसतात, पण पाळणा हालत नाहीं, अशी त्या वस्तीची दशा होते. कित्येक खाड्यांत ती जात ओसरली, आणि कांहींतून पार नाहींशी झाली. या परोपजीवीचें शास्त्रीय वर्णन सन २००४ मध्यें झालें तें अमेरिकेंत मिळालेल्या नमुन्यांवरूनच. तो मूळचा पलीकडच्या किनाऱ्याचा, हें मागाहून लक्षांत आलें. तोंपर्यंत पुष्कळ उशीर होऊन गेला होता.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. यांत कोणाचा दोष, आणि दोष नसेल तर कोणाचें कांहीं देणें लागतें कीं नाहीं? या प्रश्नाला टाळण्याचे तीन मार्ग सुशिक्षितांच्या बोलण्यांत नेहमीं येतात. ते तिन्ही अगदींच टाकाऊ नाहींत, म्हणूनच त्यांचा विचार करणें अवश्य आहे.

पहिला मार्ग हेतूचा. कोणाच्याहि मनांत हें करावयाचें नव्हतें. मग पाप कोठून आलें? कायद्यांत व लोकव्यवहारांत हेतूला महत्त्व आहे हें खरें, आणि तें असलेंच पाहिजे. नाहींतर ठेंच लागून पडलेला मनुष्य आणि मुद्दाम ढकलणारा मनुष्य यांत भेदच उरणार नाहीं. परंतु हेतु नसणें ही सबब पहिल्या वेळेपुरती असते. आपल्या वाड्याच्या मोरीचें पाणी शेजाऱ्याच्या विहिरींत झिरपतें हें मला ठाऊक नव्हतें तोंवर मी निर्दोष. तें कळल्यावरहि मी मोरी तशीच वाहूं दिली आणि वर म्हणूं लागलों कीं, विहीर नासविण्याचा माझा हेतु नाहीं, मला फक्त स्नान करावयाचें आहे, तर कोणता शेजारी तें ऐकून घेईल? चिचेस्टरच्या वेळीं मनुष्य अजाण होता. कूस बेचें पाणी तपासून त्याचा अहवाल छापला गेल्यानंतर त्याला अजाण म्हणतां येणार नाहीं. ज्ञान ही केवळ मिरविण्याची वस्तु नव्हे. तें आलें कीं आपल्यामागें जबाबदारी घेऊनच येतें.

दुसरा मार्ग निसर्गाचा. प्राण्यांचें स्थलांतर सृष्टींत नेहमींच चालतें. वाहत्या ओंडक्यावर बसून, पक्ष्यांच्या पायांस चिकटून जीव हिंडतच असतात. आणि मनुष्यहि निसर्गाचाच भाग आहे, तेव्हां त्याचें जहाज हा एक मोठा ओंडकाच समजावा. या युक्तिवादाला एका घटनेनेंच उत्तर दिलें आहे. ११ मार्च २०११ रोजीं जपानांत भूकंप होऊन समुद्राची प्रचंड लाट किनाऱ्यावर आली आणि हजारों माणसें दगावलीं. त्या लाटेनें मिसावा येथील मासेमारीच्या बंदरांतला तरता धक्का उखडून नेला. सुमारें २० मीटर लांबीचा तो धक्का पुढल्या वर्षींच्या ५ जूनला ऑरेगनच्या किनाऱ्याला लागला. त्याच्या अंगावर जपानी शेवाळें, शिंपले, खेकडे, बार्नेकल असा एक संबंध किनाराच जिवंत होता. पुढें सन २०१७ पर्यंत त्या लाटेंत वाहून गेलेल्या वस्तूंवरून प्रशांत महासागर ओलांडून आलेल्या जपानी जिवांच्या २८९ जाती मोजण्यांत आल्या. लाट निसर्गाची होती, यांत शंका नाहीं. अशा लाटा जपानांत पूर्वींहि आल्या. पण पूर्वींच्या काळीं समुद्रांत गेलें तें लांकूड. तें कुजावयाचें, किड्यांनीं पोखरून फुटावयाचें, आणि त्यावरचे प्रवासी वाटेंतच बुडावयाचे. या वेळीं समुद्रांत गेलें तें प्लास्टिक. तें कुजत नाहीं, आणि म्हणून वर्षानुवर्षें तरतें. लाट निसर्गाची, पण वाहन आपलें. निसर्गानें हजारों वर्षांत एखाद्या वेळीं उघडावा असा दरवाजा आपण सताड उघडा ठेवला आहे. आणि दरवाजा उघडा ठेवणाऱ्यानें, वारा काय मी सोडला, असें विचारणें शोभत नाहीं.

तिसरा मार्ग सर्वांत मोहक आहे, आणि त्यांत सत्याचा अंशहि अधिक आहे. आपला कोण आणि परका कोण, असा तो प्रश्न. मिरची, बटाटा, काजू, पेरू हीं सर्व दूरच्या अमेरिका खंडांतलीं. पोर्तुगीजांच्या काळांत तीं आपल्याकडे आलीं. आज मिरचीवांचून महाराष्ट्राचें जेवण होत नाहीं. मग त्या बिचाऱ्या बार्नेकलानेंच काय पाप केलें? या प्रश्नांतला अर्धा भाग मला मान्य आहे. बार्नेकलानें कांहींच पाप केलेलें नाहीं. त्याला टणक जागा मिळाली, तेथें तो बसला; एवढाच त्याचा इतिहास. शास्त्रीय लिखाणांत अशा जिवांस ‘आक्रमक’, ‘घुसखोर’ म्हणण्याची चाल पडली आहे, ती मला रुचत नाहीं. ज्याला आपण उचलून नेलें त्यालाच घुसखोर म्हणणें हा उलटा न्याय झाला. आणि या शब्दांची एकदां जिभेला संवय लागली म्हणजे तेच शब्द पोटासाठीं गांव सोडून आलेल्या माणसांवर फेंकावयास वेळ लागत नाहीं. माणूस स्वतःच्या पायांनीं येतो, बोलतो, शिकतो, देतो व घेतो. त्याला या प्राण्यांच्या पंक्तीस बसविणें हें विचाराचें दारिद्र्य होय.

शिवाय मूळ गांव कोणतें, हें तरी नेहमीं कोठें सांगतां येतें? मुंबईच्या धक्क्यांवर जो पट्टेरी बार्नेकल विपुल दिसतो, तो जगांतल्या उष्ण समुद्रांच्या असंख्य बंदरांतून तसाच दिसतो. शतकानुशतकें जहाजांबरोबर हिंडल्यामुळें त्याचें माहेर कोणतें, हें खात्रीनें ठरवितां येत नाहीं. सन १९९६ मध्यें कार्ल्टन यांनीं अशा जिवांसाठीं एक निराळा वर्गच सुचविला. ज्यांचें मूळ गूढ आहे, ना धड स्थानिक ना धड आगंतुक, असा तो वर्ग. आपल्या अज्ञानाला नांव देऊन तें प्रामाणिकपणें मान्य करणें, हीहि ज्ञानाचीच एक पायरी आहे.

परंतु उरलेला अर्धा भाग मला मान्य नाहीं. मिरची कोणी तरी हातांत घेऊन, पाहून, पेरून वाढविली; ती शेताच्या बांधांत राहिली; ती नको झाली असती तर न पेरणें आपल्या हातीं होतें. ऑर्थिओनला कोणी निवडलें नाहीं, कोणी पेरलें नाहीं, आणि आतां तो नको म्हणून परत पाठविण्याचा उपाय कोणाच्याहि हातीं नाहीं. समुद्राला बांध नसतो. प्रश्न परकेपणाचा नाहींच; प्रश्न आहे तो परत न घेतां येणाऱ्या कृत्याचा. उधारी फेडतां येते, अपशब्दाची क्षमा मागतां येते. पण खाडींतून जी जात गेली ती कोणाच्या क्षमायाचनेनें परत येत नाहीं. ज्या कृत्याची दुरुस्ती नाहीं, त्याच्याबाबतींत सावधपणा हीच काय ती नीति उरते.

त्या ऑरेगनच्या धक्क्याची हकीकत अपुरी सोडतां येणार नाहीं. तो किनाऱ्याला लागल्यावर सरकारी माणसें व स्वयंसेवक गोळा झाले. फावडीं व खरवडण्या घेऊन त्यांनीं धक्क्यावरचे सर्व जीव खरवडून काढले, भरतीच्या रेषेच्या वर खड्डा खणून पुरून टाकले, आणि मग धक्का ज्वाळेनें भाजून काढला. आपल्या देशांत भयंकर संहार झाला असतां त्यांतून वांचून, पंधरा महिने महासागराशीं झुंजून जे जीव पैलतीराला लागले, त्यांचें स्वागत असें झालें! वाचतांना मन कळवळतें. तरीहि विचार केला तर त्या लोकांनीं केलें तेंच योग्य होतें, असें म्हणावें लागतें. पण योग्य कृत्यांतहि खेद असूं शकतो. एका निरपराध्याला मारून अनेक निरपराध्यांचें रक्षण करावें लागावें, अशी पाळी ज्यानें आणली तो प्रसंग निर्मल कसा म्हणावा? दरवाजा वेळेवर लावला असता तर हें करावें लागलें नसतें, एवढें तरी मनाशीं कबूल केलें पाहिजे.

मग करावें काय? जहाजें बंद करावीं, असें कोणीहि शहाणा म्हणणार नाहीं. आपल्या घरांतला दिवा, चुलीखालचें इंधन, औषधाची बाटली, कदाचित् हा कागदहि कोणत्या तरी जहाजानें आणलेला असतो. येथें आपल्या धर्मशास्त्रांतील एका जुन्या कल्पनेची मला आठवण होते. गृहस्थाच्या घरीं पांच वधस्थानें असतात, असें मनुस्मृति सांगते. चूल, जातें किंवा पाटा, केरसुणी, उखळमुसळ आणि पाण्याचा घडा. या पांचांच्या पायीं नकळत जीव मरतात. म्हणून गृहस्थानें चूल विझवावी, असें शास्त्रानें सांगितलें नाहीं. मला ठाऊक नव्हतें म्हणून मी मोकळा, असेंहि म्हणूं दिलें नाहीं. त्यानें दररोज पांच महायज्ञ करावे, म्हणजे देणें लागतो तें रोजच्या रोज फेडीत राहावें, असा मधला मार्ग सांगितला. आज त्या यज्ञांचें बाह्य रूप किती घरांतून उरलें आहे, हा प्रश्न वेगळा. पण त्यामागची दृष्टि मला फार प्रौढ वाटते. संसार चालावयाचा तर हिंसा अटळ. पण अटळ म्हणून ती हिशेबांतून वगळावयाची नाहीं.

जगाच्या या मोठ्या संसारांत असा एक हिशेब अलीकडे सुरू झाला आहे. जहाजांतल्या या पाण्याविषयींचा आंतरराष्ट्रीय करार सन २००४ मध्यें लंडन येथें संमत झाला, आणि तो अमलांत आला ८ सप्टेंबर २०१७ रोजीं. त्याच्या पूर्वतयारीसाठीं सन २००० मध्यें जीं सहा बंदरें नमुन्यादाखल निवडलीं गेलीं त्यांत आपली मुंबई होती. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं बंदरांतल्या जिवांची पाहणी केली. करारानें घातलेलें माप असें कीं, बाहेर सोडलेल्या एक घनमीटर पाण्यांत ५० मायक्रोमीटरहून, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याहून, मोठे असे जिवंत प्राणी दहांपेक्षां कमी असावे. त्यासाठीं जहाजावर पाणी गाळण्याचीं व जंतु मारण्याचीं यंत्रें बसवावीं लागतात. त्यांना पैसा लागतो, आणि तो शेवटीं मालाच्या किंमतींत आपल्याच खिशांतून जातो. तो जाणें न्याय्यच आहे. आजवर त्या मालाची खरी किंमत खाडींतला चिखल देत होता.

बुडाला चिकटणाऱ्या जिवांचा प्रश्न याहून अवघड आहे. त्यावर एके काळीं कथिलाच्या संयुगाचा एक अत्यंत परिणामकारक रंग निघाला. पण त्याच्या विषानें बंदरांतल्या निरुपद्रवी गोगलगाईंच्या माद्यांना नराचीं लक्षणें येऊन त्यांची वीण खुंटूं लागली, आणि सन २००१ च्या करारानें त्या रंगावर बंदी घालावी लागली. एक चूक निस्तरावयास जावें तर हातून दुसरी घडते. यावरून कोणी निराश होऊन स्वस्थ बसेल, तर तोहि एक पळपुटेपणाच. महायज्ञ रोज करावयास सांगितले आहेत ते एवढ्यासाठींच. एकदां करून मोकळें होतां येईल असें तें देणें नव्हे.

मांडव्यांनीं घातलेल्या मर्यादेचा विचार करतांना मला शेवटीं एवढेंच वाटतें. ‘मला ठाऊक नव्हतें’ आणि ‘मला ठाऊक करून घ्यावयाचें नव्हतें’ या दोन वाक्यांत फार मोठें अंतर आहे. पण बोलणाऱ्याला तें बहुधा जाणवत नाहीं. पहिलें वाक्य मुलाचें, दुसरें मोठ्या माणसाचें. आपल्या सोयींच्या मागल्या दारीं काय वाहून जातें, याची चौकशी न करण्याची संवय आपल्यासारख्या सुखवस्तु, सुशिक्षित माणसांना जितकी असते तितकी कोळ्याला नसते. आपल्या होडीच्या बुडाशीं काय बसलें आहे, हें दरसाल पावसाळ्यापूर्वीं तो स्वतःच्या हातांनीं चांचपून पाहतो. पोटासाठीं कां होईना, तो पाहतो. त्या खरवडण्याचा आवाज पुन्हां कधीं कानीं आला, तर आपल्याहि बुडाशीं काय बसलें आहे तें एकदां वाकून पाहावें, इतपत वय आपलें आतां झालें आहे.